अहेरी जिल्हा व्हावा की नको?

प्राणहिता
गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी, २०११ची लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसं. मुख्यालय मात्र उत्तरेला. सिरोंचाहून कलेक्टर ऑफिस गाठायचं तर एका बाजूलाच दोनशे किलोमीटर, काम त्याच दिवशी उरकून परत येणं होत नाही. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, मुलचेरा या दक्षिणेकडच्या पाच तालुक्यांचा वेगळा जिल्हा व्हायलाच हवा.

सजा_दप्तर
माझा विरोध. पाचही तालुके मिळून २०११ला साडेतीन लाखांच्या आसपास लोक. सिंधुदुर्ग एवढा लहान, तोही साडेआठ लाखांचा होता.
पण संख्या सोडा, गावच्या माणसाला कलेक्टर किती वेळा लागतो? सातबारा तलाठ्याकडे, उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडे, जातीचा दाखला प्रांताकडे. अहेरीत अपर जिल्हाधिकारी आहेत. आदिवासी प्रकल्प कार्यालयं अहेरीला आणि भामरागडलाही आहेत. काम अडतं ते त्याच्याही खाली. एका तलाठ्याकडे शेजारच्या सजाचा, म्हणजे दुसऱ्या तलाठ्याच्या गावांचा, अतिरिक्त कार्यभार, ग्रामसेवकाकडे दोन ग्रामपंचायती. तो कुठल्या वारी कुठे बसणार हे टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, माणसाला कळत नाही, आणि तो जंगलातून पायपीट करून बंद दार बघून परततो. पदनामं बदलून ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी केली म्हणून रिकाम्या जागा भरत नाहीत. नव्या मुख्यालयासाठी माणसं यातूनच उचलली जातील.

प्राणहिता
दाखल्यांपुरतं मान्य. पण वनहक्काचं, म्हणजे जंगलातल्या जमिनीवरच्या हक्काच्या दाव्यांचं, काय? ग्रामसभेच्या वनहक्क समितीने पडताळणी करायची, ठराव उपविभागीय समितीकडे, अंतिम मंजुरी जिल्हास्तरीय समितीची, आणि तिचे अध्यक्ष कलेक्टर. नकाशावर एक सही राहिली तरी फाईल त्रुटीत निघते आणि पुन्हा खालपासून फिरते. जात पडताळणीही गडचिरोलीलाच. ती वेळेत झाली नाही तर पोराचा राखीव जागेवरचा प्रवेश जातो. शिवाय पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा संपर्क तुटतो. तेव्हा जिल्ह्याचे सगळे अधिकार असलेला माणूस जवळ नको का?

देसाईगंजकर
दोघांनीही पैशाचं बोलायचं टाळलंय. लोहखनिजाची खाण सुरजागडला, एटापल्ली तालुक्यात. पोलाद कारखाना कोनसरीला, चामोर्शी तालुक्यात. विभाजन झालं तर खाणींकडून जमा होणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीचा मोठा वाटा दक्षिणेकडे जाणार. मालाचे ट्रक मात्र उत्तरेच्याही रस्त्यांवर धावणार. ही वाटणी आधी कागदावर ठरवा, नाहीतर हरकतींचा ढीग पडेल. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्याच लागतात.

सजा_दप्तर
आणि पालघर बघा. १ ऑगस्ट २०१४ला जिल्हा झाला, मुख्यालयाचं संकुल उभं राहिलं २०२१मध्ये. ते मुंबईच्या जवळ, रेल्वेवर. अहेरीला रेल्वेच नाही.

प्राणहिता
इमारतीला वेळ लागला म्हणून पालघर परत ठाण्यात घाला असं कुणी म्हणतं का? जव्हार-मोखाड्याच्या माणसाचं ठाणं सुटलं, हा फायदा पहिल्या दिवसापासूनचा.

देसाईगंजकर
जनगणनेमुळे ३१ मार्च २०२७ पर्यंत जिल्हा-तालुक्यांच्या सीमा गोठवलेल्या आहेत, त्यामुळे तोवर अधिसूचना निघणार नाही. या काळात मागायचं ते मागा: जिल्हास्तरीय वनहक्क समितीची बैठक महिन्यातून एकदा अहेरीत, जात पडताळणीचं शिबिर प्रवेशांच्या आधी सिरोंचात. याला नवा जिल्हा लागत नाही.

सजा_दप्तर
याला माझा पूर्ण पाठिंबा. त्यात ग्रामसेवकाचे बसण्याचे वार प्रत्येक टोल्याच्या अंगणवाडीवर लिहून लावायचं जोडा, माडिया भाषेतून दवंडीही द्या. सिरोंचाकडे तेलुगूतून.

प्राणहिता
शिबिरं जरूर घ्या. पण साहेब बदलला की शिबिर बंद पडतं, कार्यालय बंद पडत नाही. सीमा मोकळ्या होतील तेव्हा प्रस्ताव तयार हवा, आणि मुख्यालय अहेरी की आलापल्ली हेही ठरलेलं हवं. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा तिन्हीकडचे रस्ते आलापल्लीला मिळतात, माझं मत तिकडेच.