तिमाहीअखेरचे दिवस आधीच बोलून घ्या

ॲक्च्युअरीला, म्हणजे विम्यातली जोखीम आकड्यांत मोजणाऱ्याला, फेलो (या पेशातली सर्वोच्च पात्रता) झाल्याशिवाय घरून काम मिळत नाही, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पदवीपेक्षा कामाचा प्रकार बघा. रिझर्व्हिंगमध्ये, म्हणजे पुढे द्याव्या लागणाऱ्या दाव्यांसाठी किती पैसे राखून ठेवायचे ते काढण्यात, तिमाही संपली की डोकं वर काढता येत नाही, एक आकडा जुळला नाही म्हणून दाव्यांचे त्रिकोण (कोणत्या वर्षीच्या दाव्यांवर पुढे किती रक्कम गेली याचे तक्ते) रात्री अकराला पुन्हा चालवावे लागतात. मधले आठवडे मात्र बरेच मोकळे. प्राइसिंगचं, म्हणजे विम्याचा हप्ता ठरवण्याचं, तसं नाही, तिथे अंडररायटरचा (विमा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्याचा) फोन कधीही येतो. २०२३ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १७ या विमा करारांच्या आंतरराष्ट्रीय हिशेब-मानकासाठीची मॉडेलं तपासायचं काम लांबूनही छान जमतं. आर, पायथन, एसक्यूएल या संगणकाच्या भाषा यायलाच हव्यात. आणि मुलाखतीतच विचारा, विमेदारांचा डेटा ऑफिसबाहेरून, परदेशातून उघडता येतो का? बऱ्याचदा घोडं तिथेच अडतं.