नागपूरच्या उन्हाळ्यात गेम क्रॅश: ग्राफिक्स कार्ड गेलं की नुसतं तापतंय?

त्रिमूर्तीनगर_गेमर
नमस्कार मंडळी. घर वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर थेट स्लॅब. ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारं) आरटीएक्स ३०६०, पॉवर सप्लाय ५५० वॅटचा. हिवाळ्यात कार्ड ६८ अंशांच्या वर जात नव्हतं. मे लागल्यापासून गेम सुरू केला की थोड्या वेळात स्क्रीन काळी होते, आवाज अडकतो आणि गेम बंद होऊन डेस्कटॉप येतो. पीसी मात्र चालूच राहतो. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पूर्ण काढून पुन्हा टाकला, काही फरक नाही. दुकानात म्हणाले कार्ड गेलं, नवीन घ्या. बाबांकडे एवढी रक्कम मागायच्या आधी मला खात्री करायची आहे. खोलीत कूलर आहे, एसी नाही.

वाडी_नाका
भाऊ, एचडब्ल्यूइन्फो (तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून लॉग, म्हणजे आकड्यांची नोंद, काढ. नुसतं जीपीयूचं, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचं, तापमान नको, हॉटस्पॉटही (चिपचा सर्वात तापलेला भाग) पाहा. आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदी तिथे असतात) क्रॅशच्या वेळेची नोंद कोणती आहे तेही सांग.

त्रिमूर्तीनगर_गेमर
क्रॅशच्या आधी कोअर (जीपीयूचं तापमान) ८७, हॉटस्पॉट १०८, पंखा ७५ टक्क्यांवर. नोंद ४१०१ ची, डिस्प्ले ड्रायव्हरची.

बर्डी_रिपेअर
नवीन कार्डाचे पैसे आत्ता अजिबात देऊ नको. मी बर्डीवर दुरुस्तीचं काम करतो, आणि उन्हाळ्यात "गेलेली" म्हणून आलेली कितीतरी कार्डं साफसफाईनंतर नीट चालताना पाहिली आहेत.

४१०१ म्हणजे कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला. पॉवर सप्लाय कमी पडत असता तर बहुतेक वेळा अख्खा पीसीच बंद पडला असता आणि कर्नल-पॉवर ४१ ची नोंद दिसली असती. तरी अंदाजावर राहू नको, तपासून घे. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा पंखा आणि वीज बदलायचं सॉफ्टवेअर) पंखा १०० टक्के कर, बाकी कशालाही हात लावू नको आणि तोच गेम खेळ. कार्ड वीज तेवढीच ओढेल, फक्त तापमान उतरेल. क्रॅश थांबला तर दोष उष्णतेचा. पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा) आधीच कमी केलंस तर वीज आणि तापमान दोन्ही उतरतात, मग दोष कशाचा ते कळत नाही.

आता आकडे बघ. ३०६० ची कमाल मर्यादा ९३ अंश आहे, म्हणजे ८७ एकट्याने घाबरण्यासारखं नाही. मला खटकतो तो हॉटस्पॉट. कोअर आणि हॉटस्पॉटमध्ये साधारण १० ते १५ अंशांचा फरक असतो, तुझ्याकडे २१ आहे. थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंकला (वरच्या धातूच्या पात्यांना) पोचवणारा लेप, सुकली असावी. त्यात खोलीच्या हवेचं ओझं. हवा २४ अंशांची असताना जे कार्ड ६८ वर थांबायचं, ते ४० अंशांच्या हवेत ८४ च्या आसपास जाणारच. पंखा कार्डाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. आणि आपल्याकडे स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो, त्यामुळे रात्री खेळूनही फारसा आराम नाही.

मनीषनगर_ताई
कूलरचं मी सांगते, कारण त्यावर कुणी बोलत नाही. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की थोड्या वेळात खोली दमट होते आणि गारवा संपतो. समोरची खिडकी उघडी हवीच. पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ताट्यांमधून उडणारे तुषार सुकले की क्षारांचा पांढरा थर राहतो, आणि ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या पात्यांना चिकटून घट्ट बसते. मग ती नुसत्या फुंकरीने निघत नाही, ब्रश लागतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बिघडतो.

त्रिमूर्तीनगर_गेमर
तुम्ही सांगितलं तसंच केलं. पंखा १०० टक्क्यांवर ठेवला तर हॉटस्पॉट ९८ वर थांबला आणि संपूर्ण संध्याकाळ गेम चालला. मग कॅबिनेट उघडलं, पात्यांमध्ये धुळीचा नमदाच बसला होता. ती काढली, पीसी कूलरच्या झोतातून हलवला, पॉवर लिमिट ८० टक्के केलं. आता कोअर ७७, हॉटस्पॉट ९५. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) थोड्या कमी मिळतात, खेळताना जाणवत नाही. ताई, दादा, खरंच खूप आभार. पेस्ट बदलून घेऊ का?

बर्डी_रिपेअर
घे. फरक अजून १८ आहे, पेस्ट सुकल्याचंच ते लक्षण. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीला विचार, स्टिकर फाडू नको. कुणाकडूनही करून घेतलंस तरी एक सांगून ठेव: कार्डाच्या मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता पोचवणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले तर त्याच जाडीचे बसवायला लाव. जाड पॅड लागलं तर हीटसिंक चिपला नीट टेकत नाही आणि हॉटस्पॉट आधीपेक्षा वर जातो. कार्ड परत आलं की दुकानातच लॉग काढून बघ आणि मगच पैसे दे.