बारसूचा बंदोबस्त: संरक्षण की धाक?

सड्यावरची:
एप्रिल 2023 मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. सोबत पोलिसांच्या गाड्यांची रांग, जमावबंदी, विरोधातल्या पुढाऱ्यांना नोटिसा. बाया रस्त्यावर आडव्या झाल्या, त्यांना उचलून गाडीत घातलं. 28 तारखेला अश्रुधूर सोडला. लाठीमार झालाच नाही असं प्रशासन सांगतं, आंदोलक झाला म्हणतात.

माझं माहेर त्या पंचक्रोशीतलं. हेल्मेट-ढालींची ती रांग समोर बघितली आणि माझे पाय लटपटले. घोषणा घशातच राहिली. मला वाटतं, एवढी फौज आणली ती याचसाठी. ज्यांची जमीन जाणार त्यांनी घराबाहेरच पडू नये.

हवालदाराचा_मुलगा:
ताई, भीती ढालीमागेही असते. वडील बंदोबस्ताला गेले की आई रात्रभर जागी असायची. संख्याबळ कमी असलं की पोलीस बिथरतात आणि हात बंदुकीकडे जातो. मावळ आठवा. 9 ऑगस्ट 2011, पवना जलवाहिनीचं आंदोलन, एक्स्प्रेसवेवर गोळीबार, तीन शेतकरी गेले. त्यापेक्षा जास्त माणसं उभी केलेली बरी.

सड्यावरची:
मावळात माणसं कमी पडली म्हणून गोळी सुटली, हे तुम्ही धरून चाललात. गोळी चालवायचा हुकूम माणूस देतो. आणि बारसूला भीती आधीपासूनच होती. रिफायनरीविरोधात लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना फेब्रुवारीत राजापूरजवळ गाडीने चिरडलं, खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्या गावांना आधी दिलासा हवा होता. अडीच महिन्यांत आली ती फौज.

चाकरमानी_राजापूर:
वारिशेंचं झालं ते भयंकरच. पण प्रकल्प हवा म्हणणाऱ्यांची भीती कुणी मांडत नाही. वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद, पोरं मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत. गावच्या बैठकीत ‘हवा’ म्हणून हात वर केला की वाळीत पडायची धास्ती. पोलीस होते म्हणून परीक्षण तरी झालं. नाहीतर आधीच्या नाणारच्या रिफायनरीसारखं याही वेळी सगळं गुंडाळलं असतं.

सड्यावरची:
वाळीत टाकणं चूकच, तिथे मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण शेजाऱ्याचा अबोला आणि सरकारची नोटीस एका तागडीत घालू नका. नोटिशीमागे कोठडी असते.

कलम_वाचा:
अनुराधा भसीन खटल्यात सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2020 मध्येच सांगितलंय की रास्त मत दडपण्यासाठी जमावबंदीचं कलम 144 वापरता येत नाही. जुलै 2024 पासून नव्या फौजदारी कायद्यात ते कलम 163 झालं, अधिकार तेच राहिले. बंदोबस्त किती ठेवायचा हा पोलिसांचा प्रश्न असेल, पण पाच माणसं जमण्याआधीच बंदी का, याचं उत्तर लेखी आणि कारणांसह द्यायला हवं.

हवालदाराचा_मुलगा:
जमावबंदी आणि नोटिसांवर मी भांडणार नाही. मोर्चासमोर पोलीस कमी ठेवा, हे मात्र मला पटणार नाही.

सड्यावरची:
मग 28 एप्रिलचं पोलिसांकडे असेल तेवढं चित्रण गावासमोर लावा. लाठी पडली की नाही, सगळे मिळून बघू.