मदत हवी आहे: २२ वर्षांचा बंब तळ्यातून पाणी ओढत नाही, सेवेत ठेवावा का?

नमस्कार मंडळी,

मी अग्निशमन केंद्रात ड्रायव्हर-ऑपरेटर आहे. इथे आमच्या खात्यातले, पोलिसांच्या मोटार विभागातले आणि रुग्णवाहिका सांभाळणारे बरेच जाणकार आहेत, म्हणून इथेच विचारतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे २२ वर्षं जुना पाण्याचा बंब आहे. साडेचार हजार लिटरची टाकी, मागे पीटीओवर (गाडीच्या इंजिनाची ताकद पंपाला देणाऱ्या जोडणीवर) चालणारा सेंट्रिफ्युगल पंप. नवी गाडी आल्यापासून हा दुसऱ्या नंबरवर निघतो. पण नवी गाडी वर्कशॉपला गेली की हाच पहिला.

मागच्या महिन्यात नेमकं तेच झालं. एका गोदामाच्या आगीवर आम्ही याच गाडीने गेलो. जवळ हायड्रंट (पाण्याच्या लाइनवरचा नळ) नव्हता. एक ब्रँच (होजच्या टोकाचं पाणी मारायचं तोंड) चालू होती, टाकी दहा मिनिटांत रिकामी झाली. तोवर मी शेजारच्या तळ्यात सक्शन, म्हणजे पाणी ओढायची होज, टाकून ठेवलं होतं. पाणी पंपापासून फार तर तीन मीटर खाली, म्हणजे काहीच नाही. प्रायमर (पंपातली हवा काढून पाणी वर ओढणारं यंत्र) लावला. व्हॅक्यूमचा काटा सहा-सात इंचांपर्यंत चढला, तिथेच थरथरला आणि मागे आला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. चौथ्या खेपेला पाणी आलं. एरवी अर्ध्या मिनिटाच्या आत पाणी येतं, त्या दिवशी तीन मिनिटं गेली. तीन मिनिटं आमची दोन मुलं कोरडी ब्रँच धरून आगीसमोर उभी होती. कुणाला इजा झाली नाही, पण तो काटा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता काय काय बघून झालंय ते सांगतो. टाकीच्या पाण्यावर पंप झकास चालतो, सात बार दाब सहज देतो. सक्शनची गाळणी साफ केली. सगळे जॉइंट स्पॅनरने पुन्हा आवळले. ग्लँडमधून (पंपाचा शाफ्ट बाहेर येतो तिथल्या पॅकिंगमधून) पाणी ठिबकतं, पूर्वीपेक्षा थोडं जास्त. बाकी गाडीचं म्हणाल तर किलोमीटर फक्त ४१ हजार, टायरची नक्षी भरपूर शिल्लक, रंगही छान. एकच, सकाळी ड्यूटीवर आलो की ब्रेकच्या हवेचा काटा खाली बसलेला असतो आणि गाडी हलवायच्या आधी हवा भरेपर्यंत थांबावं लागतं.

साहेबांचं म्हणणं, गाडी दिसायला चांगली आहे, चालतेय तोवर चालवा. काही सहकारी म्हणतात थेट कंडम करा. मला दोन्ही पटत नाही. मी पंप चालवायला याच गाडीवर शिकलो, तिच्यावर जीव आहे. पण जीव आहे म्हणून मुलांना तिच्या भरवशावर आत पाठवायचं का? तेव्हा हवा कुठून शिरतेय ते नेमकं कसं शोधायचं, आणि जुनी गाडी सेवेत राहायला लायक आहे की नाही हे वयाकडे न बघता कशावर ठरवायचं, या दोन गोष्टींवर मार्गदर्शन करा.

प्रतिसाद १

तुमच्या गेजनेच अर्धं उत्तर दिलंय. काटा खूप वर गेला आणि तरी पाणी आलं नाही, तर वाट तुंबलेली असते: गाळणी चोंदली, नाहीतर होजचं आतलं अस्तर सुटून मिटलं. काटा वर जातच नसेल, तर हवा शिरतेय किंवा प्रायमरच थकलाय. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं आहे. टाकीवर पंप नीट चालतो यावरून सक्शनची बाजू निर्दोष ठरत नाही, कारण टाकीचं पाणी पंपात आपणहून उतरतं, ओढावं लागत नाही.

कोरडी व्हॅक्यूम चाचणी घ्या, अंदाजाने जॉइंट आवळत बसू नका. पंप पूर्ण रिकामा करा, सगळे डिलिव्हरी आणि ड्रेन व्हॉल्व्ह बंद, सक्शनच्या तोंडावर ब्लँक कॅप, आणि प्रायमरने २२ इंच पारा व्हॅक्यूम घ्या. प्रायमर बंद करून पाच मिनिटं काटा बघा. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १९११ क्रमांकाच्या मानकात (२०२४ मध्ये ते एनएफपीए १९१० मध्ये सामील झालं) पाच मिनिटांत १० इंचांपेक्षा जास्त घट चालत नव्हती. आधी होज न लावता करा, मग होज जोडून तिच्या टोकाला कॅप लावून करा. पहिल्यात पास आणि दुसऱ्यात नापास, तर दोष होजमध्ये किंवा वॉशरमध्ये. २२ इंचच का, तर तेवढ्याने पाणी साधारण साडेसात मीटर वर येतं. हवेचा दाब समुद्रसपाटीला १०.३ मीटरचा स्तंभ तोलतो, पण प्रत्यक्ष कामात सात-साडेसातच्या पुढे कुणी भरवसा धरत नाही. तुम्ही तीन मीटरवर अडकलात, म्हणजे गळती किरकोळ नाही.

होज न लावताही नापास झाला, तर पंपात हायड्रंटचं पाणी दाबाने भरा आणि कोरड्या फडक्याने पुसत पुसत प्रत्येक जोड, ड्रेन कॉक, गेजची बारीक नळीसुद्धा तपासा. जिथून थेंब बाहेर येतो तिथूनच हवा आत जाते. पॅकिंगचा ग्लँड पंप चालताना थोडा ठिबकायलाच हवा, त्या पाण्यानेच तो थंड राहतो. पार कोरडा होईपर्यंत आवळला तर शाफ्टची स्लीव्ह खाऊन टाकेल.

प्रतिसाद २

मी पोलिसांच्या गाड्यांचं काम बघतो. पंपातलं मला कळत नाही, पण ‘फक्त ४१ हजार किलोमीटर’ यावर थांबलो. तुमचा अवरमीटर (इंजिन किती तास चाललं ते मोजणारा) काय दाखवतो ते आधी बघा. गस्तीची गाडी तासन् तास जागेवर उभी राहून इंजिन चालवते, किलोमीटर वाढतच नाहीत. फोर्डने आपल्या पोलीस गाड्यांसाठी हिशेब दिला आहे, की एक तास जागेवर चाललेलं इंजिन म्हणजे साधारण ३३ मैल, म्हणजे ५३ किलोमीटर धावल्याइतकी झीज. तुमचं इंजिन तर उभ्याउभ्या पंपाचा भार ओढतं.

जुनी गाडी वाईटच असते असं मात्र नाही. फोर्डच्या क्राउन व्हिक्टोरियाचं उत्पादन २०११ मध्ये थांबलं, तेव्हा अमेरिकेतल्या काही पोलीस खात्यांनी त्या आधीच जादा घेऊन ठेवल्या होत्या. वेगळ्या चासीवर बसवलेली बॉडी, ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, सगळं मेकॅनिकच्या हाताखालचं. असल्या गाड्या सुटे भाग मिळेपर्यंत टिकतात. तुमच्या पंपाचे भाग अजून मिळतात का, हे वयापेक्षा आधी विचारा.

आणि टायरची नक्षी बघू नका, तारीख बघा. बाजूवर कोरलेल्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. कमी पळणाऱ्या गाडीचं रबर झिजत नाही, नुसतं वाळतं, आणि भरलेल्या टाकीचं वजन चोवीस तास त्याच्यावर असतं.

प्रतिसाद ३

रुग्णवाहिकेवाला आहे. आमच्यात मागचा पेशंटचा डबा सुस्थितीत असेल आणि खालची गाडी थकली असेल, तर डबा उतरवून नव्या चासीवर चढवतात. तुमच्याकडे उलटं असेल, गाडी धड आणि पंप थकलेला, तर नुसता पंप ओव्हरहॉल करून भागतं का ते विचारून बघा. हवेचा काटा रोज सकाळी खाली बसतो हे मात्र पंपाइतकंच गंभीर घ्या. कॉल आल्यावर हवा भरण्यात गेलेला वेळही उशीरच.

प्रतिसाद १

+१, पुन्हा मीच. हवेचं बरोबर आहे. वयाबद्दल विचारलंत म्हणून: त्याच एनएफपीए १९११ च्या पुरवणीत शिफारस होती, की नीट राखलेली गाडी १५ वर्षांनंतर राखीवमध्ये न्यावी आणि २५ वर्षांनंतर बदलावी. पण त्यातही दरवर्षीची पंप चाचणी सुटत नाही. १५० पीएसआय दाबाला पंपाच्या क्षमतेइतकं पूर्ण पाणी, २०० ला ७० टक्के, २५० ला ५० टक्के. साहेबांना ‘गाडी जुनी झाली’ असं सांगू नका, हे आकडे लिहून द्या. वयावर वाद घालता येतो, आकड्यांवर येत नाही.

धागाकर्ता

मंडळी, मनापासून आभार. दोन सुट्ट्या सोडून रोज यावरच होतो.

होज न लावता २२ इंच घेतले, पाच मिनिटांत काटा १८ वर. म्हणजे पंप, ग्लँड, प्रायमर पास. पॅकिंग मी हात न लावता तसंच ठेवलं. मग होज जोडली आणि प्रायमर लावला, तर १४ च्या वर काटा जाईनाच. कपलिंग उघडून वॉशर काढला. हातात घेऊन वाकवला तर आतल्या कडेला वाळक्या शेणीसारख्या भेगा, आणि एका जागी स्पॅनर मारून मारून दबलेला खळगा. म्हणजे मी आवळत होतो तेव्हा गळती वाढवतच होतो. तिन्ही वॉशर बदलले. आता होजसकट २२ येतात, पण पाच मिनिटांत ९ वर उतरतात. टॉर्च लावून आत पाहिलं, मधल्या होजचं अस्तर कपलिंगपासून वीतभर सुटलंय, बोट घातलं की फुगा हलतो. ती होज बाजूला काढून बाकी दोन लावल्या तर काटा १७ वर थांबतो.

अवरमीटर ६,२०० तासांवर आहे. ५३ ने गुणलं तर सव्वातीन लाख किलोमीटरच्या वर जातं, आणि मी ४१ हजार सांगत होतो. टायर नऊ वर्षांचे निघाले. हवा मागच्या ब्रेक चेंबरजवळच्या नळीतून जात होती, साबणाच्या पाण्याने बुडबुडे दिसले, नळी बदलली. आज सकाळी काटा जागेवर होता.

हे सगळे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून साहेबांना दिले. त्यांनी शांतपणे वाचले आणि टायर व होजची मागणी त्याच दिवशी वर पाठवली. वार्षिक पंप चाचणीची तारीखही ठरली. टायर येईपर्यंत नवी गाडी वर्कशॉपला पाठवायची नाही, आणि या बंबाला दोनच होज आहेत तोवर खोल विहिरीवर न्यायचं नाही, असं मी टर्नआउट बोर्डावर (कॉलला कोणती गाडी निघणार ते लिहायच्या फळ्यावर) तिच्या नंबरापुढे खडूने लिहून ठेवलंय.