एकाच वायफायवर वरचे ४के, खालचे धूसर. असं का?

प्रतापनगर, नागपूर. लाइन ४० एमबीपीएसची. वरची भाडेकरू पोरं दोन टीव्हींवर ४के लावतात, अन् खाली आमच्या आईची मालिका ४८०पी वर येते, मधेच गोल फिरतं. विचारलं तर म्हणतात, "काका, आम्ही काहीच नाही केलं." लाइन वाढवू का?

– भाऊ, पोरं खोटं नाही बोलत. ॲप काही सेकंदांचा तुकडा ओढतं, थांबतं, मग पुढचा. त्या थांब्यात दुसऱ्याला लाइन मोकळी दिसते, तो वरची क्वालिटी मागतो. शिवाय टीसीपीची (इंटरनेटवर डेटा पाठवायच्या पद्धतीची) वाटणी साधारण जोडणीमागे, माणसामागे नाही. पंगतीत एकानंच चार पत्रावळ्या मांडल्यासारखं!

– लाइन नका वाढवू. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) असेल तर त्याच्या एसक्यूएममध्ये, म्हणजे डेटाची रांग सांभाळणाऱ्या भागात, 'केक' ही वाटणीची पद्धत निवडा. वेग मोजून त्याच्या ९० टक्के भरा, म्हणजे रांग तुमच्या राउटरमध्येच लागेल. 'नॅट'चा (घरातली सगळी उपकरणं एकाच पत्त्यामागे ठेवणाऱ्या सोयीचा) पर्याय चालू करायचा, हे बहुतेक लोक विसरतात; मग केकला सगळं घर एकच उपकरण वाटतं.

– राउटर कंपनीनं दिलेला आहे, त्यात हे काहीच नाही.

– मग सध्या वरच्या टीव्हींच्या ॲपमध्येच १०८०पी ची मर्यादा घाला. पोरं कुरकुरतील, कुरकुरू द्या. अन् सीताबर्डीत राउटर बघाल तेव्हा ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत मॉडेल आहे का, ते आधी पाहा.