आहाराच्या प्रश्नावलीतून पोटात गेलेलं तेल मोजता येतं का?

कळंबकर

मागच्या महिन्यात आमच्याकडं एका आरोग्य पाहणीची माणसं घरोघर फिरली. हातात छापील प्रश्नावली. तळलेलं आठवड्यातून किती वेळा, मटण महिन्यातून किती वेळा, आमटी किती वाट्या, तूप किती चमचे. या उत्तरांवरून प्रत्येकाच्या रोजच्या स्निग्ध पदार्थांचे ग्रॅम काढायचे आणि ते हृदयविकाराशी जोडायचे, असा बेत. माझं मत सरळ आहे: निदान तेलातुपाच्या बाबतीत तरी या आकड्यांवर काडीचाही भरवसा ठेवू नये.

भाकरी मोजता येते. दोन खाल्ल्या की अडीच, हे कुणीही सांगेल. तेल फोडणीतच जिरतं, आणि खाणारा बहुतेक वेळा चुलीपाशी नसतोच. त्यात आपलं जेवण म्हणजे सगळीकडं कूट. वांग्यात कूट, दोडक्यात कूट, शेपूत कूट. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. शिवाय जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी रोजच्या ताटात. ‘तेल किती खाता?’ असं विचारल्यावर यातलं काही कुणाच्या ध्यानात तरी येतं का?

आणि रस्सा घ्या. मटण शिजलं की पहिल्या पंगतीला पाहुणे आणि घरचे पुरुष. वाढणारी पळी वरवर फिरवते, लाल तर्री त्यांच्या वाटीत. पोरं जेवतात. रस्सा पुरावा म्हणून पातेल्यात तांब्याभर गरम पाणी पडतं. सुना बसतात तेव्हा तळाचा पातळ रस्सा उरलेला असतो. प्रश्नावलीत मात्र सासऱ्याचीही ‘एक वाटी’ आणि सुनेचीही ‘एक वाटी’. दोघांच्या नावापुढं सारखेच ग्रॅम!

परदेशातही वेगळं काही नाही. अमेरिकेत मेरीलँडमध्ये ४८४ जणांवर झालेला ‘ओपन’ अभ्यास २००३ साली छापून आला. लोकांना खास समस्थानिकांचं, म्हणजे नेहमीपेक्षा जड अणू असलेलं पाणी पाजायचं, मग लघवी तपासून शरीरानं खरोखर किती ऊर्जा जाळली ते काढायचं. वजन स्थिर असेल तर जेवढी जाळली तेवढीच खाल्ली. प्रश्नावलीत पुरुषांनी ३१ ते ३६ टक्के आणि बायकांनी ३४ ते ३८ टक्के ऊर्जा कमी सांगितली होती. एक तृतीयांश जेवण गायब! ही झाली ऊर्जेची गोष्ट. प्रथिनं लघवीतल्या नायट्रोजनवरून ताडून बघता येतात. एकूण किती स्निग्ध पदार्थ पोटात गेले हे ताडायला अशी चाचणीच नाही. म्हणजे किती चुकलंय हेसुद्धा कळायची सोय नाही.

गोदाकाठ

कळंबकर सर, तुमचा रस्सा मान्य, निष्कर्ष मान्य नाही. (मी नांदेडला संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळं पक्षपाती समजा हवं तर.) प्रश्नावलीला एका माणसाचे नेमके ग्रॅम सांगायचे नसतात. हजारो लोक जास्त खाणारे ते कमी खाणारे अशा क्रमानं लावायचे आणि वरच्या पाचव्या हिश्शाची खालच्या पाचव्या हिश्शाशी तुलना करायची, एवढंच तिचं काम. सगळ्यांनीच तिसरा हिस्सा कमी सांगितला तरी क्रम बदलत नाही. म्हणूनच नुसते ग्रॅम न घेता एकूण ऊर्जेतला स्निग्ध पदार्थांचा वाटा घेतात. त्यानं बरीच चूक धुतली जाते.

आणि उपयोग होतोच की. अमेरिकेतल्या सुमारे ८५ हजार परिचारिकांनी १९८० साली अशीच प्रश्नावली भरली, जेमतेम ६१ पदार्थांची. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दिसलं की ट्रान्स फॅट जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार जास्त. हे १९९३ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडं ज्याला लग्नाच्या आचाऱ्यापासून सगळे डालडा म्हणतात, त्याच जातीची ही चरबी. आज भारतात तेलातुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, २०२२ पासून. तुमच्या मतानं चाललो असतो तर वनस्पती तुपाचे डबे अजून बिनघोर खपत असते.

कळंबकर

डालडा पकडला तो प्रश्नावलीनं नाही, सर. १९९० साली नेदरलँड्समध्ये ५९ जणांना तीन-तीन आठवडे ठरवून जेवू घातलं. ट्रान्स फॅटनं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं, हे तिथं रक्तात दिसलं. त्या प्रयोगाच्या आधारामुळं परिचारिकांच्या कागदाला वजन आलं.

‘सगळ्यांनीच सारखं कमी सांगितलं तर’ यातला तो ‘तर’ फार मोठा आहे. माणूस भाकरी लपवत नाही, भजी लपवतो. ‘ओपन’मध्ये बायकांनी ऊर्जा जेवढी कमी सांगितली, प्रथिनं तेवढी कमी सांगितली नव्हती. मग गळालं ते बाकीचंच ना? त्यात जाड माणूस जास्त लपवतो, हे तर अभ्यासामागून अभ्यासात आलंय. क्रम तिथंच बिघडतो.

इंग्लंडातल्या नॉरफोकचंही बघा, तेही २००३ चंच. त्याच बायका, दोन पद्धती. सात दिवसांच्या रोजनिशीतून संपृक्त चरबी (तूप-लोण्यात असते ती) आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध दिसला. प्रश्नावलीतून तो ठामपणे दिसलाच नाही. मोजपट्टी बदलली की निकाल बदलतो, आणि आपण भांडतो तुपावर.

उषाताई

तुम्ही दोघंबी आकड्यांवर भांडायलेत. मी गावात पाहणीचं काम करते, मला विचारा. दारात गेलं की पहिला सवाल: ‘कशाची योजना हाय?’ योजना हाय असं वाटलं की घरात तेलच नसतं. सोयरीक जमवायला पाहुणे यायचे असले तर त्याच घरी तुपाची धार. उत्तर द्यायला सासू बसते, सून आत. अन् फोडणी घालती सून!

मागं एका घरी आजी म्हणल्या, ‘आम्ही तळलेलं खातच नाही, पोट धरतं.’ बोलता बोलता दुरडीतल्या कुरडया अन् पापड पुढं केले. ते तळलेलं धरायचं नसतं, ते तोंडी लावायचं.

हैदराबादच्या पोषण संस्थेच्या जुन्या पाहण्यांची पद्धत मला पटती. कालच्या दिवसात काय रांधलं ते रांधणारीलाच विचारायचं, मापाच्या वाट्या पुढं ठेवून. वाटी हातात आली की बाई खोटं बोलत नाही, दाखवून देती.

गोदाकाठ

ताई, सासू-सुनेचा मुद्दा लाख मोलाचा. पण ‘काल’ कुठला? श्रावणातला काल आणि दिवाळीच्या फराळातला काल एक आहे का? एकादशीला शेंगदाण्याची आमटी नि साबुदाणा, दुसऱ्या दिवशी भाकरी-पिठलं. बीडकडचे ऊसतोड कामगार अर्धं वर्ष फडावर, तिथलं जेवण वेगळं, गावातलं वेगळं. एका दिवसावरून माणसाची सवय कळत नाही. ती हवी म्हणूनच वर्षाचं विचारणारी प्रश्नावली निघाली. वाट्या घेऊन एकेका घरी वर्षभर फेऱ्या मारायला माणसं कुठून आणणार?

भुसार_लातूर

एवढा खल कशाला? तेलाचा डबा किती दिवस पुरतो तेवढं विचारा. पाच माणसांचं घर, पंधरा किलोचा डबा तीन महिने गेला, तर माणशी रोज ३३ ग्रॅम. दुकानदाराला हे तोंडपाठ असतं, आणि आमच्या वहीत कुणी लाजून कमी लिहीत नाही 😄

कळंबकर

भुसारशेठ, सरकारी खर्चाच्या पाहणीत गेल्या सात दिवसांचं तेल विचारतातच. त्यातून घराचा आकडा मिळतो, माणसाचा नाही. ३३ ग्रॅम सासऱ्यालाही आणि सुनेलाही, म्हणजे परत तीच वाटी. स्टँडवरच्या भज्यांचं तेल तुमच्या वहीत येत नाही, आणि तळणीतलं उरलेलं पुढच्या आठवड्यात पुन्हा कढईत.

परभणी_कृषी

तेल किती हे सोडा, कुठलं हे तरी लोक नीट सांगतात का? आमच्या भागात म्हाताऱ्यांना विचारा, करडईच सांगतील. घाण्यावरच्या करडईची सवय जिभेवर आहे. शेतात मात्र केव्हाच सोयाबीन आलं, आणि हॉटेलच्या कढईत पामतेल. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल (तेलातल्या स्निग्धाम्लांपैकी एक) ७० टक्क्यांच्या वर, सोयाबीनमध्ये निम्म्याच्या आसपास, पामोलिनमध्ये फार तर दहा-बारा टक्के. पोटात गेलेले ग्रॅम तेवढेच, शरीरावरचा परिणाम वेगळा.

इथं रक्त कामाला येतं. लिनोलिक आम्ल शरीर स्वतः बनवत नाही, त्यामुळं रक्तातल्या प्रमाणावरून खाण्याचा बरा अंदाज येतो. संपृक्त चरबीचं तसं नाही, ती साखर-भातापासूनही शरीरात तयार होते. म्हणून प्रश्नावली टाकून द्या असं मी म्हणणार नाही. शंभर-दोनशे जणांचं रक्त घ्या, तोंडी उत्तराशी ताडून बघा.

गोदाकाठ

हेच म्हणायचं होतं. आधी इथली प्रश्नावली बनवा, धपाटे, येसर, कूट, चटण्या सगळं धरून. मग काहींच्या घरी स्वयंपाक तोलून तिची चूक किती ते काढा आणि निकालात तेवढी दुरुस्ती करा. कळंबकर सरांचं ऐकलं तर मोजायचंच बंद करावं लागेल.

कळंबकर

बंद करा म्हणत नाही. दशांश चिन्हापुढं दोन आकडे छापू नका म्हणतो. आणि स्वयंपाक तोलायला माणूस चुलीपाशी बसला की त्या दिवशी कोण सढळ हातानं फोडणी घालेल, सर?

उषाताई

घालत्यात की. पाहुणा बसलाय म्हणून दोन पळ्या जास्तच घालत्यात.

अन् भुसारदादा, डबा घेणारी घरं तुमच्या पेठेत असतील. आमच्या वस्तीवर रोजच्या रोज सुट्टं तेल येतं, बाटलीत. तिथं ‘डबा किती दिवस पुरतो’ असं विचारलं तर बाया हसत्यात.