पद्मिनी: दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना लिव्हर अडतो, रॉड सेट करून भागेल का?

माहीमकर:
मंडळी, 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे, गियर स्टिअरिंगवरचा. गेल्या महिन्यात इंजिनची माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बदलून घेतली. तेव्हापासून दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना लिव्हर न्यूट्रलमध्ये अडतो, जरा हलवला की पुढे जातो. इंजिन बंद ठेवूनही तसंच. लिव्हरच्या टोकाला दीडेक इंच खेळ (सैलपणा) आहे. गियरबॉक्स उघडावा लागेल का?

ग्रीसगन:
गियरबॉक्सला इतक्यात हात लावू नका. बंद गाडीत गियर सुरळीत पडले असते आणि सुरू केल्यावर खरखरले असते, तर आधी क्लच पाहायला सांगितलं असतं. तुमचं लक्षण रॉडचं आहे.

स्टिअरिंगच्या कॉलमकडून (दांड्याकडून) गियरबॉक्सकडे दोन हालचाली जातात. एक रॉड गेट निवडतो, म्हणजे पहिला-दुसरा की तिसरा-चौथा. दुसरा रॉड गियर टाकतो. हा दुसरा रॉड लांबीला जरा चुकला, की तुमच्या हाताला न्यूट्रल वाटतं पण गियरबॉक्सच्या आतलं फिंगर (गियर ढकलणारं बोट) खाचेच्या मधोमध नसतं. मग गेट बदलताना ते शेजारच्या खाचेच्या कडेवर आपटतं. चूक निवडीच्या रॉडमध्ये असती, तर एका गेटचे दोन्ही गियर नीट पडले असते आणि दुसऱ्याचे दोन्ही अर्धवट.

सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. पुढून उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. रॉडवर जिथे चेकनट (लांबी पक्की करणारा नट) आहे तिथे रंगाची खूण करा, उघडे आटे मोजून लिहून ठेवा. मग स्प्लिट पिन (टोकं वाकवून अडकवलेली तारेची पिन) काढून दोन्ही रॉड गियरबॉक्सच्या बाजूने सोडवा. आता गियरबॉक्सवरचे लिव्हर हाताने हलवून सगळे गियर टाकून बघा. इथेच अडलं तर दोष आत आहे, रॉड सेट करून काही होणार नाही. सुरळीत पडले तर बॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवा आणि वर कुणाला तरी लिव्हर बरोबर न्यूट्रलला धरायला सांगा. रॉडचं टोक भोकाशी जुळवा. जॉइंटची पिन बोटाने आत सरकली पाहिजे. ढकलावी किंवा ठोकावी लागली तर लांबी चुकली. 8 मिमीच्या नेहमीच्या आट्यावर एक फेरा म्हणजे सव्वा मिमी, तेव्हा अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने जा. चेकनट आवळताना रॉडचं टोक दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर ते पिळतं आणि जॉइंट अडखळतो. स्प्लिट पिन नवीनच घाला.

पण दीड इंच खेळ असताना हे सेटिंग टिकणार नाही. चार जॉइंटमध्ये अर्धा-अर्धा मिमी झीज धरली तरी रॉडवर दोन मिमी होतात, आणि लांब लिव्हरच्या टोकाला ते कितीतरी पटीने दिसतात. आधी जॉइंटमधले बुश (पिनभोवतीच्या नळ्या) बदला, मग सेटिंग.

कुर्लेकर:
वरच्या सगळ्याला दुजोरा, पण मूळ माउंटिंगमध्येच आहे असं माझं ठाम मत. कॉलम बॉडीला बसलेला, गियरबॉक्स इंजिनसोबत रबरावर. जुनं रबर दबलेलं असतं, रॉड त्या उंचीला सेट केलेले असतात. नवीन रबराने इंजिन वर आलं की तीच लांबी चुकीची ठरते. माउंटिंगचे बोल्ट सैल करा, इंजिन थोडं हलवून आपोआप बसू द्या, पुन्हा आवळा, आणि त्यानंतरच रॉडला हात लावा. रबर थोडं दबतं, म्हणून महिन्याभराने पिन परत बोटाने सरकते का ते बघा.

माहीमकर:
धन्यवाद. बुश मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत शोधतो. नाही मिळाले तर लेथवर नायलॉनचे करून घेऊ का?

ग्रीसगन:
साधं नायलॉन नको. ते पाणी शोषून फुगतं. मे महिन्यात छान बसलेला बुश जुलैत पिनला आवळतो आणि लिव्हर जड होतो. डेलरिनचा (एक टणक प्लास्टिक) रॉड घ्या, तो फार कमी पाणी शोषतो. पिन आधी मायक्रोमीटरने मोजा, सगळीकडून सारखी गोल नसेल तर तीही बदला. झिजलेल्या पिनवर नवा बुश फुकट जातो. पिनपेक्षा भोक साधारण 0.1 मिमी मोठं ठेवायला सांगा. जॉइंट रॉकेलने धुवून, कोरडे करून लिथियम ग्रीस लावा. जिथे रबरी बुश असेल तिथे मात्र हे ग्रीस नको, रबर फुगून मऊ पडतं. तिथे सिलिकॉन ग्रीस. पावसाळा संपला की सगळं एकदा परत धुवा, खालच्या जॉइंटमध्ये चिखल बसतोच.

कुर्लेकर:
आणि एक, चालत्या गाडीत पहिला टाकताना खरखर आली तर रॉड फिरवत बसू नका. या बॉक्समध्ये पहिल्या गियरला सिंक्रो (गियर पडण्याआधी वेग जुळवणारा भाग) नाही. गाडी पूर्ण थांबवून टाका.